अंतरपाट आणि छायाचित्रकार

जबलपुरात लग्नाचा छायाचित्रकार ठरवावयास निघालेले मराठी वधूवर बहुधा तीन प्रश्न बरोबर घेऊन जातात. किती पैसे घेणार, किती चित्रे देणार आणि केव्हा देणार? हे प्रश्न गैर नव्हेत. संसाराला लागणाऱ्या माणसांनी हिशेब विचारावा, हे योग्यच होय. परंतु सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न मात्र राहून जातो. तो असा की, या गृहस्थांनी पूर्वी एखादे मराठी लग्न टिपले आहे काय?

पुण्यात हा प्रश्न विचारणाऱ्याचे हसेच होईल. जबलपूरची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि पुढे 1956 सालापर्यंत या प्रांताची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे मराठी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तरी गावाची लग्ने मुख्यतः हिंदी रीतीची. तेथे वरात रात्री येते, जयमाला उंच मंचावर होते आणि फेरे पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावर. छायाचित्रकाराचे दिवे, त्याची माणसे, त्याच्या सवयी सर्व या क्रमाला जुळलेल्या. जयमालेच्या वेळी तो वधूला खुशाल थांबवतो, हार पुन्हा उचलावयास सांगतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

अंतरपाट मात्र पुन्हा धरता येत नाही. मंगलाष्टके चालू असतात, तेव्हा नवख्याला वाटते की गायन चालले आहे, अजून अवकाश आहे. तेवढ्यात शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव आणि वाजंत्र्यांचा कल्लोळ एकदमच उठतो. वधूवरांनी एकमेकांकडे पाहिले न पाहिले तोच माळा गळ्यात पडलेल्या असतात. अक्षता टाकण्यासाठी माणसे जवळ सरकलेली, आणि आता तर प्रत्येकाचा मोबाइल धरलेला हात वर! ज्याला दोन्ही मुखे हवी आहेत, त्याने आधीपासूनच अंतरपाटाच्या कडेच्या रोखाने, बाजूला उभे राहिले पाहिजे. ती जागा गुरुजींना विचारून आदल्या दिवशीच ठरवावी. गुरुजी रागावत नाहीत. ऐनवेळी मध्ये घुसणाऱ्यावर रागावतात.

दुसरा प्रश्न यातूनच निघतो. मराठी मुहूर्त पुष्कळदा सकाळचा. ऐन लग्नसराईत आदली रात्र फेऱ्यांत जागून काढलेला छायाचित्रकार सकाळी स्वतः येणार, की साहाय्यकाला धाडणार? नाव लिहून घेतलेले बरे.

चित्रांच्या संख्येचा मोह आता सोडावा. 120 क्रमांकाच्या फिल्मच्या एका गुंडाळीवर चौकोनी चित्रे बाराच निघत, 35 मिलिमीटरच्या गुंडाळीवर 36. म्हणून कळ दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. आज हजारो चित्रे सहज निघतात. तेव्हा किती काढणार यापेक्षा त्यांतून निवड कोण करणार, हे विचारणे अधिक उपयोगाचे. आजी-आजोबांची, दूरहून आलेल्या आत्यांची नावे छायाचित्रकाराला घरच्या एका जाणत्या माणसानेच दाखवावीत. परक्याला ती कशी कळणार? भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत लग्नाआधीची चित्रे काढण्याची हौस हल्ली फार. ती जरूर पुरवावी. फक्त पावसाळ्यात तेथील नौकाविहार बंद असतो, एवढे ध्यानात ठेवून तारीख धरावी.

राहिला मालकीचा प्रश्न. चित्रे ज्याने काढली त्याची, अशी सार्वत्रिक समजूत आहे. 1957 सालच्या कॉपीराइट कायद्याचे 17 वे कलम निराळे सांगते. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढवून घेणाराच. मात्र ‘उलट करार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. छापील अटींच्या कागदावर बारीक अक्षरांत तो करार असू शकतो. सही करण्यापूर्वी तो वाचावा. वधूवरांना विचारल्यावाचून चित्रे जाहिरातीत लावणार काय, मूळ फाइली किती दिवसांत देणार आणि आपल्याकडे किती दिवस जपणार, हेही तेथेच नोंदवावे. प्रती दोन घ्याव्यात, आणि एक मुलीच्या माहेरची, असे स्पष्ट लिहावे. नाही तर लेकीच्या लग्नाची चित्रे पाहावयास तिच्या आईला व्याह्यांकडे निरोप धाडावा लागतो.