तोंडी हुकूम आणि लेखी जबाबदारी



  वैद्यकव्यवसायी व आपत्कालीन सेवेतील मंडळींच्या ह्या परिषदेत अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचे सिंहावलोकन करावे असा प्रघात असल्यामुळे मीही टिपणे काढली होती. निजामी अमदानीत 1905 साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला, 2008 मध्ये येथे रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेत सुरू झालेली 108 ची रुग्णवाहिका यथावकाश आपल्या आदिवासी गुड्यांपर्यंत आणि लंबाड्यांच्या तांड्यांपर्यंत पोचली, आणि 2016 च्या ऑक्टोबरात ह्या विस्तीर्ण जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. हे सर्व सांगण्यासारखे आहे. परंतु एक गोष्ट मी 2021 पासून मनात बाळगून आहे, ती बोलून दाखवण्याची अधिकृत संधी मला पूर्वी मिळाली नाही आणि ह्या वयात पुन्हा मिळेलच असे नाही. सबब आढावा बाजूला ठेवून तिच्याचविषयी बोलण्याची परवानगी मी आपल्याकडे मागतो.

ती गोष्ट म्हणजे महामारीच्या काळात आपत्कालीन सेवेतील माणसांना लशीविषयी दिले गेलेले तोंडी हुकूम.

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविडची लस देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा हैदराबादच्या गांधी रुग्णालयात राज्यातील पहिली लस एका सफाई कामगार स्त्रीला देण्यात आली, ही गोष्ट मला आजही अभिमानाची वाटते. आरोग्यसेवक प्रथम, 2 फेब्रुवारीपासून पोलीस, पालिका व महसूल खात्यांतील आघाडीचे कर्मचारी, आणि मग वृद्ध व व्याधिग्रस्त, हा क्रम न्याय्य होता. लस ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने त्यापूर्वीच जाहीर केले होते आणि पुढेही ते कागदोपत्री त्याच भूमिकेवर राहिले. आता आमच्याकडे काय घडले ते ऐका. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या निर्मल जिल्ह्यात रुग्णवाहिकेवरील एका कर्मचाऱ्याचा, लस घेतल्याच्या दुसऱ्याच पहाटे मृत्यू झाला. त्या मृत्यूचा लशीशी संबंध असल्याचे प्राथमिक तपासात दिसत नाही असे राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितले, आणि त्या निष्कर्षावर अविश्वास दाखवण्यास मजजवळ काही कारण नाही. परंतु ती वार्ता कडमच्या खोऱ्यापासून बेल्यापर्यंत एका दिवसात पसरली, आणि ज्या माणसांनी वर्षभर तापाचे रोगी स्वतःच्या हातांनी उचलून गाडीत ठेवले होते ती माणसे प्रथमच बिचकली. त्या क्षणी त्यांना समजावण्यासाठी कोणी वैद्य त्यांच्या तळावर जाणे आवश्यक होते. त्याऐवजी त्यांना दूरध्वनी आले.

पैनगंगेकाठच्या एका मराठी गावातील एक पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, त्या सुमारास माझ्याकडे आला. तो ज्या ठेकेदाराकडे कामाला होता त्याच्या देखरेख्याने त्याला कळवले होते की शनिवारपर्यंत लस घे, नाहीतर सोमवारी ड्युटीवर येऊ नकोस. मी त्याची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, त्याच्या शंकांना उत्तरे दिली, आणि तो लस घेऊन आला. त्याला ताप भरला, अंग मोडून आले, तो दोन-तीन दिवस घरी पडून राहिला आणि महिन्याच्या पगारातून तेवढे दिवस गैरहजेरी म्हणून कापले गेले. तो विचारण्यास गेला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की लस ऐच्छिक आहे, तुला कोणी सक्ती केली असेल तर हुकूम दाखव. हुकूम कोठून दाखवणार? तो तर फोनवर बोलला गेला होता. त्याच्या वतीने मी एक पत्र लिहिले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

सक्ती असावी की नसावी ह्या प्रश्नावर आज सकाळच्या चर्चासत्रात आपल्यात दोन तट पडले. एका विद्वान सहकाऱ्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या नावाने सक्तीचे समर्थन केले, दुसऱ्यांनी देहस्वातंत्र्याच्या तत्त्वावरून तिचा निषेध केला, आणि दोघांच्याही वादपटुत्वाबद्दल मला आदर आहे. पण माझे उत्तर ग्रंथांतून आलेले नाही. देवीनिर्मूलनाच्या अखेरच्या वर्षांत मी तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून उटनूरच्या डोंगरांत हिंडत असताना एका गोंड गुड्याने आम्हाला परतवून लावले. बरोबरचे लोक म्हणू लागले की हे अडाणी आहेत, पोलीस बोलवा. मी पटेलांच्या अंगणात बसून राहिलो. संध्याकाळी पटेल बोलले ते इतकेच, की टोचल्यावर माणसाला ताप येतो, ऐन कापणीत तो पडला तर त्याचे शेत कोण पाहील, आणि तापाने उठलाच नाही तर तुम्ही पुन्हा येणार का? मी येईन म्हणालो, तारीख सांगितली, त्या तारखेस औषधे घेऊन गेलो, आणि त्यानंतर शेजारच्या वस्त्यांनी स्वतः माणूस पाठवून आम्हाला बोलावले. माणूस सुईला भीत नाही. सुईनंतर आपण एकटे पडू ह्याला तो भितो. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे त्याला सक्ती आणि स्वातंत्र्य ह्यांचा वाद अपुरा वाटतो, कारण दोन्ही पक्ष टोचण्याच्या क्षणापाशी थांबतात आणि त्यापुढील आठवड्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

आता नियमांच्या बदलत्या स्वरूपाकडे वळतो. शास्त्र पुढे सरकते तसे नियम बदलणे अपरिहार्य आहे, हे मला मान्य आहे. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर प्रथम चार ते सहा आठवडे होते, मार्च 2021 मध्ये ते सहा ते आठ झाले, मे महिन्यात बारा ते सोळा झाले, आणि त्याला कारणेही होती. पण प्रत्येक बदल करताना रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाचा विचार कोणाच्या मनात आला होता काय? 3 एप्रिल 2021 रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना कळवले की आरोग्यसेवक आणि आघाडीचे कर्मचारी ह्या दोन्ही वर्गांत नवी नोंदणी करू नये, कारण काही अपात्र माणसे त्या याद्यांत घुसली होती. कारण खरे असेल. परंतु तो एप्रिल महिना कोणता होता ते आठवा. दुसरी लाट गळ्यापर्यंत आली होती, ठिकठिकाणी नवी माणसे ठेक्यावर भरती होत होती, आणि नेमक्या त्या घडीला यादीचे दार बंद झाले. त्याच महिन्याच्या 11 तारखेपासून कामाच्या ठिकाणी लस देण्याची मुभा मिळाली, पण ती जेथे शंभराच्या आसपास पात्र व इच्छुक माणसे असतील अशा जागांपुरती आणि पंचेचाळीस वर्षांवरील लोकांपुरती. रुग्णवाहिका हे दोन माणसांचे कामाचे ठिकाण आहे, आणि त्या दोघांतील एकही बहुधा चाळिशीचा नसतो.

त्या एप्रिलात भरती झालेला एक लंबाडा तरुण मला ठाऊक आहे. वय विशीतले, हातात बटणांचा साधा फोन. 1 मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तरी त्याच्या वयोगटाला नोंदणी केवळ संगणकीय होती; शासकीय केंद्रावर जागच्या जागी नाव नोंदवण्याची सोय 24 मे रोजी मान्य झाली, आणि कोविन हे नोंदणीचे संकेतस्थळ मराठी-तेलुगूत जूनमध्ये आले; लंबाडी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. तो सबंध मे महिना हा मुलगा लशीवाचून रोगी वाहत होता, कधी रिम्सपर्यंत, कधी चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गाने थेट नागपूर किंवा हैदराबादपर्यंत, आणि घरी आल्यावर आईला लागण होऊ नये म्हणून अंगणातल्या बैलगाडीवर निजत होता. जूनमध्ये परदेशी शिकण्यास, नोकरीस व ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी दुसरी मात्रा अठ्ठावीस दिवसांनी देण्याची सवलत निघाली. त्या विद्यार्थ्यांच्या आणि खेळाडूंच्या भाग्याचा मला हेवा नाही. त्यांची निकड कोणी तरी वर जाऊन मांडली, ती ऐकली गेली आणि कागदावर उतरली. ह्या मुलाची निकड मांडणारा कोणी नव्हता. त्याला पहिली मात्रा जुलैत मिळाली, दुसरी ऑक्टोबरात. आणि 10 जानेवारी 2022 पासून खबरदारीची मात्रा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांची अट असल्यामुळे तिसऱ्या लाटेतही तो तिच्यावाचूनच राहिला. ह्या साऱ्या अवधीत त्याला लस घेण्याची तोंडी ताकीद मात्र दोन वेळा मिळाली होती.

कोणी म्हणेल की न्यायालयाने ह्या प्रश्नाचा निकाल लावला आहे. 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदान्वये देहाची अखंडता संरक्षित आहे आणि कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. शासन समाजहितार्थ वाजवी निर्बंध घालू शकेल, परंतु लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत. निर्णय थोर आहे. पण तो यावयास मे 2022 उजाडला, आणि आमच्या पायलटांचे कापलेले पगार त्याने परत आले नाहीत, कारण त्यांच्यावर निर्बंध घातला गेल्याचा पुरावाच नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, लशीनंतर दगावलेल्या दोन मुलींच्या पालकांच्या याचिकेत केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले की लस घेणे ऐच्छिक होते, शासनावर नुकसानभरपाईचे दायित्व येत नाही आणि ज्याला दाद मागायची त्याने दिवाणी न्यायालयात जावे. ज्यांना फोनवर ताकीद मिळाली त्यांनी हे प्रतिज्ञापत्र कोणत्या मनाने वाचावे? मार्च 2020 मध्ये जाहीर झालेली पन्नास लाखांच्या विम्याची योजना कोविडने मृत्यू आल्यास होती आणि ती कंत्राटी माणसांनाही लागू होती, ह्याबद्दल मी शासनाचे आभार मानतो. पण लशीनंतरच्या तापात बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत नव्हती.

लेखी सक्ती मला तोंडी सक्तीपेक्षा पुष्कळ बरी वाटते. नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे महानगरपालिकेने लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचे जाहीर केले. तो निर्णय मला कठोर वाटला, तरी तो उघड होता, त्याच्याविरुद्ध बोलता येत होते. इंग्लंडात वृद्धाश्रमांतील सेवकांवर 11 नोव्हेंबर 2021 पासून लशीचे बंधन आले, पुढे 1 एप्रिल 2022 पासून ते रुग्णालयांतील सेवकांवरही यावयाचे होते. वाद झाला, परिस्थिती पालटली आणि मार्चमध्ये दोन्ही नियम रद्द झाले. लिहिलेला नियम रद्द करता येतो. तोंडी हुकूम कोणी मागे घ्यावा, जेव्हा तो कोणी दिलेलाच नसतो?

आणि कागदाने लस देणाऱ्याचेही रक्षण होते. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली व मागाहून भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच कुपीतील लस घेतलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली, आणि सारा दोष हाफकिन ह्यांच्या माथी आला. ती कुपी उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता ही साक्ष चौकशीच्या दप्तरात नोंदलेली होती, म्हणून 1907 मध्ये तो थोर पुरुष दोषमुक्त होऊ शकला. त्याच 1897 च्या साथरोग कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण दिले. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकावर हात उचलणाऱ्याला शिक्षा ठेवली. ह्या दोन्ही तरतुदी योग्य आहेत. परंतु कामावर पाठवणाऱ्याचे पाठवलेल्याप्रति काय कर्तव्य आहे, ह्याविषयी तो कायदा आजही मूक आहे.

माझी मागणी सरळ आहे. सेवेसाठी लस आवश्यक असेल, तर ते नियुक्तिपत्रात लिहावे, आणि त्याच पत्रात असेही लिहावे की लस कामाच्या तळावर, भरतीच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, ताप आल्यास भरपगारी रजा मिळेल, इजा झाल्यास उपचाराचा व कुटुंबाचा भार मालक उचलील, आणि नियम बदलल्यास तो कर्मचाऱ्याच्या भाषेत वाचून दाखवला जाईल. हे लिहिण्याची तयारी नसेल त्याने सक्तीचा शब्द उच्चारू नये. ह्या परिषदेने गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी आणि तेलुगूत एक नमुनापत्र तयार करावे, राय सेंटर ह्या गोंडांच्या पंचायतीतील वडीलधाऱ्यांना त्यात घ्यावे, कामगार खात्याकडे शिष्टमंडळ न्यावे, असे मला वाटते. तपशील कार्यकारी मंडळाने ठरवावा.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, परंतु आज शांततेचा काळ आहे आणि मसुदे शांततेतच नीट होतात. म्हणून येथे बसलेल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्यास माझी विनंती आहे, की आपल्या केंद्रावर परत गेल्यावर आपल्या गाडीवरील पायलटाचे आणि तंत्रज्ञाचे नियुक्तिपत्र मागवून घ्यावे, ते त्यांच्यासमक्ष वाचावे, आणि लस, रजा व भरपाई ह्यांविषयी त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, ते महिनाअखेर कार्यवाहांना कळवावे.