जंताचे चिलखत



पोर झोपेत दात खाऊ लागले की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "गूळ फार खाल्ला, जंत झाले." गुळाचा यात काहीएक दोष नाही. जंत अंड्यातून होतो आणि अंडे मातीतून पोटात जाते. खरा प्रश्न निराळाच आहे. आपल्या आतड्यात डाळ विरघळते, मटण विरघळते. मग वीतभर लांबीचा हा जीव तेथे वर्षभर सुखाने राहतो कसा?

उत्तर बरेचसे त्याच्या कातडीत आहे. तिला उपत्वचा म्हणतात. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पण सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहिला की थरावर थर दिसतात. वर अगदी पातळ स्निग्ध पापुद्रा, खाली घट्ट थर, मग मऊ थर, आणि सर्वांत आत तंतूंचे तीन पदर. हे तंतू कोलॅजेनचे. आपले स्नायू हाडांना बांधणाऱ्या दोऱ्याही त्याच जातीच्या.

खाप्यात ज्यांनी हातमाग पाहिला आहे, त्यांना पुढचे चटकन उमजेल. कापड उभे ओढा, फारसे ताणत नाही; आडवे ओढा, तेच. कोपऱ्यातून तिरपे ओढले की लगेच ताणते. सूत मात्र तेच! जंताच्या अंगाभोवती हे तंतू असेच तिरपे, एक पदर डावीकडून तर दुसरा उजवीकडून, गुंडाळलेले असतात. आत द्रव दाबाने भरलेला, सायकलच्या ट्यूबमधल्या हवेसारखा. जंताला स्नायू फक्त लांबीतले. ते आखडले की दाब वाढतो. सैल पडले की तो दाब आणि ते तिरपे तंतू मिळून अंग पुन्हा लांब करतात. हाडाचे काम कातडी करते म्हणा ना! हॅरिस आणि क्रॉफ्टन या शास्त्रज्ञांनी १९५७ साली याचे गणित मांडले. वाढीच्या काळात ही कातडी सापाच्या कातीप्रमाणे चार वेळा टाकावी लागते.

शिवाय आपले पाचक रस बोथट करणारी द्रव्येही जंत तयार करतो. पपईच्या चिकातील द्रव्ये ही उपत्वचा कुरतडतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून कोणी मुलाला चीक पाजू नये; त्याने तोंड पोळते.

२०१५ सालापासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चिलखत फोडत नाही. विरघळून त्यातूनच आत झिरपते आणि जंताला साखर घेता येईनाशी करते. उपाशी जंत मरतो. गोळी चावून खायला सांगावी.

पण मातीतल्या अंड्यावर तिचा इलाज नाही. एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. अंड्याचे कवच आणखी चिवट. ओल्या सावलीत ती कित्येक महिने, कधी वर्षेही टिकतात. गोळी घेतलेले पोर पुन्हा त्याच परसात शौचाला बसले आणि त्याच मातीत खेळून न धुतल्या हातांनी जेवले, तर पुढच्या खेपेलाही तीच गोळी ठेवावी लागते.