सालाझारशाही : बाहेरचा दाब आणि आतली धग



गोव्याचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट १९ डिसेंबर १९६१ या दिवशी संपते. सैन्य गेले, दीड दिवसात काम उरकले, पणजीत तिरंगा फडकला. हे खरेच आहे. परंतु आज आम्ही त्याच गोष्टीकडे मांडवीच्या तीरावरून न पाहता लिस्बनच्या बाजूने पाहणार आहोत. जी राजवट भारताशी या विषयावर बोलावयासही तयार नव्हती ती कशाच्या बळावर उभी होती, आणि पुढे साडेबारा वर्षांच्या आत एका दिवसात ती कशी कोसळली, हा आजचा प्रश्न आहे.

सालाझार हा कोणी तलवारबहाद्दर नव्हता. तो कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ साली अर्थमंत्री झाला, १९३२ साली पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या राज्यघटनेने त्याने आपल्या सत्तेवर कायद्याचा अंगरखा चढविला. निवडणुका होत, पण विरोधकाने जिंकावे म्हणून नव्हे. वर्तमानपत्रे निघत, पण सरकारी तपासनिसाची पेन्सिल फिरल्यावर. उरलेले काम गुप्त पोलीस करीत. पेनिश येथे समुद्रकाठी एक किल्ला आहे. तेथे पोर्तुगालमधले विरोधक डांबले जात. १९४६ च्या गोव्यातील चळवळीनंतर टी. बी. कुन्हा यांनाही नेऊन ठेवले ते त्याच किल्ल्यात. गोमंतकीय आणि पोर्तुगीज या दोघांना कोंडणारे कुलूप एकच होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

आता बाहेरचा दाब पाहा. भारताने १९५३ साली लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५५ साली सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यासारखी माणसे सत्याग्रहाला गेली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सालाझारचे उत्तर ठरलेले होते. गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचा प्रांत आहे! १९५१ साली घटना बदलून त्याने वसाहतींचे नावच पालटले होते. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने ही शाब्दिक कसरत नाकारली. पण दाब आणणाऱ्यांचेही हात बांधलेले होते. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, आणि अझोर्स बेटांवर अमेरिकेला विमानतळ हवा होता. १९६१ साली अमेरिकेने अंगोलाच्या प्रश्नावर पोर्तुगालविरुद्ध मत दिले खरे. पण तळाच्या कराराची मुदत जवळ येताच तो सूर मवाळ झाला.

मग प्रश्न असा की, एवढासा गोवा सोडून देऊन या हिशेबी प्राध्यापकाने आपली मान मोकळी का करून घेतली नाही? आमच्या मते उत्तर घरात आहे. १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनरल देल्गादो उभा राहिला. निवडून आलो तर सालाझारला काढून टाकीन, असे त्याने उघड सांगितले आणि त्याच्या सभांना माणसांचा पूर लोटला. १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिझ सालाझारला हटवू पाहत होता. तो बेत फसला आणि सालाझारने संरक्षणखाते स्वतःकडे घेतले. ज्याची सत्ता 'मी कधी चुकत नाही' या एकाच आधारावर उभी असते, त्याला एक पाऊलही मागे घेता येत नाही. बाहेर माघार घेतली की घरातले लोक विचारणार, मग आम्हालाच का नाही?

म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना आज्ञा पाठविली, की शरणागती नाही. सैनिक एक तर विजयी होतील, नाही तर मरतील. विमानदळ नाही, जुनाट हत्यारे, तीन-साडेतीन हजार माणसे! गव्हर्नरने ती आज्ञा मोडली, शस्त्रे खाली ठेवली आणि हजारोंचे प्राण वाचविले. मायदेशी त्याचे बक्षीस काय मिळाले? १९६३ साली त्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले. हट्ट राज्यकर्त्याचा आणि कलंक मात्र सैनिकाच्या माथी!

हा प्रसंग पोर्तुगीज अधिकारी विसरले नाहीत. अंगोलापाठोपाठ १९६३ साली गिनीत आणि १९६४ साली मोझांबिकमध्ये युद्ध पेटले. १९६८ साली सालाझार आजारी पडून पायउतार झाला आणि कायतानु आला; पण युद्धे चालूच राहिली. १९७२ साली गिनीचा सेनापती स्पिनोला वाटाघाटीची परवानगी मागत होता. कायतानुचे म्हणणे असे, की बंडखोरांशी तडजोड करण्यापेक्षा लष्कराचा सन्माननीय पराभव पत्करला. ते ऐकून अधिकाऱ्यांना गोवा आठवला तर नवल काय? उद्या गिनी गेली की पुन्हा दोषी आपणच! बढत्यांच्या तक्रारीतून १९७३ साली कॅप्टन मंडळींची जी चळवळ सुरू झाली, तिच्यात हा सल मुरलेला होता. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी रणगाडे लिस्बनमध्ये आणले. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. संध्याकाळपर्यंत कायतानु शरण आला होता.

तेव्हा मित्रहो, बाहेरचा दाब व्यर्थ असतो काय? नाही. पण नुसत्या दाबाने असली राजवट मोडत नाही. उलट राष्ट्राभिमानाची शाल पांघरून ती काही काळ मिरविते. ती मोडते, तेव्हा तिचे हुकूम बजावणाऱ्या माणसाचाच तिच्यावरचा विश्वास उडालेला असतो. हे व्हायला वेळ लागतो आणि त्या काळाची किंमत भलतेच लोक मोजतात. गोव्यानंतरची ही वर्षे अंगोला, गिनी आणि मोझांबिक यांनी रक्ताने मोजली, हे आपण आपल्या विजयाच्या आनंदात विसरू नये.

शेवटी एक दृश्य सांगून आम्ही थांबतो. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. भारतातर्फे सही करणारे आपले यशवंतराव चव्हाण. समोर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश होते. याच सोआरिशना सालाझारने १९६८ साली साओ तोमे बेटावर हद्दपार केले होते. जे एका हुकूमशहाला कधी जमले नसते, ते त्याच्या कैद्याने एका सहीने केले. कुलूप एकच होते, म्हणून ते उघडल्यावर दोघेही एका मेजाशी बसू शकले.