तिघांच्या मापाचा बेत

सायकल म्हटली म्हणजे शहरांतील सपाट सडक, शाळेची नाहीं तर कचेरीची वेळ आणि घंटेची किणकिण एवढेंच चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. तीच सायकल खडक, दरडी आणि उतार यांवरून नेण्याचा छंद मात्र गेल्या पन्नास वर्षांत साऱ्या जगांत पसरला आहे. त्याचें एक मूळ अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, मरिन परगण्यांतील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरांत सांपडतें. तेथील कांहीं तरुण १९७० नंतरच्या दशकांत जाड टायरांच्या जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावरून खालीं पिटाळूं लागले. १९७६ सालीं फेअरफॅक्स गांवाजवळ जी शर्यत सुरू झाली तिला 'रीपॅक' म्हणजे 'पुन्हां भरा' असें नांव पडलें. कारण एका उतरणींतच मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि पुढच्या खेपेपूर्वी तें नव्यानें भरावें लागे. पुढें जो ब्रीझ, टॉम रिची प्रभृति कारागिरांनीं याच कामासाठीं मुद्दाम सायकली घडविल्या, १९८१ सालीं 'स्टंपजंपर' नांवाची सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारांत आली, आणि चार मित्रांच्या खेळाचा मोठा व्यवसाय झाला.

या छंदाचे उपासक आज मोटारीच्या पाठीमागें चौकटीवर सायकली बांधून आठ-आठ दिवसांच्या दौऱ्यावर निघतात. बरोबर पति, पत्नी अथवा मित्र असतो. आणि पुष्कळदां घरचें कुत्रेंहि असतें. या तिघांच्या प्रवासाचा बेत कसा आंखावा हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु तिघांपैकीं दोघांना नकाशा वाचतां येतो, थकवा सांगतां येतो, नको म्हणतां येतें. तिसऱ्याला यांतील कांहींच येत नाहीं. बेत दोघांनीं करावयाचा आणि त्याचें बरेंवाईट फळ तिसऱ्यानें भोगावयाचें, अशी ही स्थिति आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं नोकरीनिमित्त स्थायिक झालेलें एक मराठी दांपत्य कल्पावें. दोघें तिशी-पस्तिशीचीं, दोघांनाहि डोंगरी सायकलीचा नाद, आणि घरीं मोती नांवाचें तीन वर्षांचें, पंचवीस किलो वजनाचें कुत्रें. त्यांनीं युटा राज्यांतील मोआब या गांवीं जाण्याचें मनांत आणलें.

मोआबची निवड साहजिक आहे. तांबड्या वालुकाश्माच्या प्रदेशांत, कोलोरॅडो नदीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंचीवर हें लहानसें गांव वसलें आहे. १९५२ सालीं जवळच युरेनियमचा मोठा सांठा सांपडला आणि खनिजाच्या शोधार्थ आलेल्यांनीं साऱ्या उजाड मुलखांत कच्चे रस्ते पाडले. खाणींचे दिवस सरले. रस्ते राहिले, आणि त्यांवर सायकली धांवूं लागल्या. गांवाशेजारींच 'स्लिकरॉक' नांवाची प्रसिद्ध वाट आहे. १९६९ सालीं ती प्रथम मोटारसायकलींसाठीं आंखण्यांत आली होती. 'स्लिकरॉक' म्हणजे निसरडा खडक. घोड्याच्या लोखंडी नालाला हा खडक निसरडा वाटे म्हणून तें नांव पडलें. रबरी टायर मात्र त्याला असा घट्ट धरतो कीं उभ्या चढावरहि चाक घसरत नाहीं. एकच खडक नालाला एक आणि टायराला दुसरा. कुत्र्याच्या पंजाला तो तिसराच आहे, हें पुढें दिसेल.

डेन्व्हरहून मोआब सुमारें ५७० किलोमीटर पडतें. मोटार एका दिवसांत हें अंतर सहज तोडते. तरी शहाण्या प्रवाशानें तें दोन दिवसांत वांटावें. वाटेंत, सुमारें ४०० किलोमीटरांवर, फ्रुटा नांवाचें गांव आहे. तेथेंहि सायकलीच्या उत्तम वाटा आहेत, आणि तेथून मोआब १६० किलोमीटरांच्या आंतबाहेर राहतें. पहिला मुक्काम तेथें केल्यास माणसांचे पाय मोकळे होतात आणि पेटींत अथवा पट्ट्यानें बांधून बसलेल्या कुत्र्यालाहि मोकळा वारा मिळतो. कुत्रें मोटारींत मोकळें सोडूं नये. एकाएकीं ब्रेक लागल्यास पंचवीस किलोचा जीव पुढच्या कांचेवर आदळतो.

ऋतूची निवड त्याहून महत्त्वाची. मोआबला जुलै महिन्यांत दुपारचें तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या घरांत जातें. सावली जवळजवळ नाहींच. म्हणून मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हेच येथें सायकलीचे महिने समजतात. आपल्या दांपत्यानें ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरला, हें ठीक झालें.

खरा पेंच पडला तो वाटेच्या निवडींत. पतीच्या मनांत कित्येक वर्षें 'व्हाइट रिम' ही वाट घर करून होती. कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांतून, दोन महानद्यांच्या दऱ्यांच्या कड्याकड्यानें सुमारें १६० किलोमीटर जाणारा हा कच्चा रस्ता. बहुतेक लोक तो तीन-चार दिवसांत पुरा करतात. परवाना आधीं काढावा लागतो. त्यानें नकाशा पसरला, मुक्काम ठरविले, परवान्याच्या तारखा पाहिल्या. पत्नी नियमावली वाचीत होती. ती म्हणाली, "या वाटेवर मोतीला नेतां येत नाहीं."

"पळवायचा नाहींच त्याला. मागून गाडी येईल, तींत बसेल."

"गाडींतहि नाहीं. तसेंच लिहिलें आहे. वाच तूं."

नियम खराच तसा आहे. अमेरिकेच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला पायवाटांवर मज्जाव असतो. कॅनियनलँड्समधील कच्च्या रस्त्यांवर तर तें बंद गाडींत बसलेलें असलें तरी चालत नाहीं. शेजारच्या आर्चेस उद्यानांत पक्के रस्ते, मोटारी उभ्या करण्याच्या जागा आणि तंबूंचें मैदान एवढ्या ठिकाणींच बांधलेलें कुत्रें नेतां येतें. याच्या उलट, १९६४ च्या कायद्यानें राखून ठेवलेल्या निर्जन रानांत पुष्कळ ठिकाणीं कुत्रें चालतें, पण सायकल चालत नाहीं. कारण त्या कायद्यानें तेथें यांत्रिक वाहनास बंदी केली आहे. उद्यानें आणि हीं रानें सोडून जी सरकारी जमीन उरते तींतील पुष्कळ भागांत दोघांनाहि मुभा असते. तात्पर्य, एकाच डोंगराच्या दोन कुशींत दोन कायदे नांदतात, आणि वाटेच्या तोंडाशीं लावलेला फलक वाचल्याखेरीज पुढें पाऊल टाकणें शहाणपणाचें नव्हे.

पतीनें दुसरा तोडगा काढला. व्हाइट रिम सारा नको. एक दिवस दोघांनीं उद्यानांत सायकली फिरवाव्या, तेवढे चार-पांच तास मोतीनें मोटारींत थांबावें, कांचा थोड्या उघड्या ठेवाव्या. हा तोडगा पुष्कळांना सुचतो, आणि यांतच जिवाचा धोका आहे. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं बाहेरची हवा २२ अंश सेल्सिअसइतकी सुखाची असली तरीहि उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आंतील तपमान तासाभरांत सुमारें २२ अंशांनीं वाढतें. त्यांतील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. कांच बोटभर खालीं केल्यानें फारसा फरक पडत नाहीं. ऑक्टोबरची गुलाबी हवा बाहेर, आंत भट्टी.

माणूस अशा उष्णतेंत घामानें निथळतो आणि घाम वाळतांना अंग थंड होतें. कुत्र्याला ही सोय नाहीं. घामाच्या ग्रंथि त्याच्या पंजांच्या गाद्यांत थोड्याशा असतात. शरीराची खरी उष्णता तें जीभ बाहेर काढून धापा टाकीत बाहेर घालवितें. हवाच तापलेली असली कीं धापांचा उपयोग सरतो. त्याचें स्वाभाविक तपमान ३८ ते ३९ अंश. तें ४१ च्या पलीकडे गेलें कीं उष्माघाताचें भय सुरू होतें. लाळ घट्ट होणें, हिरड्या लालभडक होणें, चाल अडखळणें, ओकारी होणें हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं सावलींत नेऊन अंगावर साधें गार पाणी ओतावें, वारा घालावा आणि विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. म्हणून निघण्यापूर्वीच मुक्कामाच्या गांवच्या पशुवैद्याचा पत्ता टिपून ठेवणें हा बेताचा भाग समजावा.

पळण्याच्या बाबतींतहि कुत्रें स्वतःच्या हिताचें ऐकत नाहीं. धनी पुढें जातो आहे एवढें दिसलें कीं तें पाय रक्तबंबाळ होईपर्यंत धांवतें. मोआबचा खडक सुताराच्या काचकागदासारखा खरखरीत आहे. टायराला जें सुख, तेंच पंजाला दुखणें. यासाठीं पहिल्या दिवशीं चार-पांच किलोमीटरांहून अधिक पळवूं नये, दर विसाव्यास पंजे उलटून पाहावे, आणि जमिनीवर हाताची मागची बाजू सात आंकडे मोजेपर्यंत टेकवून पाहावी. हाताला सोसत नसेल तर पंजालाहि सोसणार नाहीं. वर्ष-दीड वर्षाच्या आंतील पिल्लाला तर सायकलीमागें पळवूंच नये, कारण त्याच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. कुत्रें चाकाच्या मागें राहील अशी संवय घरींच लावावी. आजच्या सायकलींना ब्रेकच्या पोलादी चकत्या असतात; जवळून पळणाऱ्या कुत्र्याचा पाय त्यांत सांपडला तर खोल जखम होते.

पाण्याचा हिशेब असाच आधीं मांडावा. पंचवीस किलोच्या कुत्र्याला स्वस्थ पडून असतांहि दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतें. पळाल्यास त्याहून पुष्कळ अधिक. तें पाणी माणसांच्या पाण्याखेरीज निराळें बांधून घ्यावें. खडकाच्या खळग्यांत पावसाचें पाणी सांचलेलें दिसतें, पण तें मोतीसाठीं नाहीं. त्या इवल्याशा डबक्यांत कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव आपलें सारें आयुष्य काढतात. एका कुत्र्याच्या डुंबण्यानें त्यांचा संसार उधळतो. तसाच वाटेच्या कडेचा काळपट, खरबरीत मातीचा थर. ती नुसती माती नव्हे. सूक्ष्म वनस्पति, शेवाळ आणि दगडफूल यांनीं विणलेली ती वाळवंटाची कातडी आहे. एका पावलानें वा चाकानें ती मोडली तर भरून येण्यास कित्येक दशकें लागतात. म्हणून सायकल, माणूस आणि कुत्रें या तिघांनींहि आंखलेली वाट सोडूं नये.

हें सारें समजल्यावर त्या दांपत्याचा बेत बदलला. पहांटे उन्हापूर्वी एकानें सायकलीवर लांबची वाट धरावी. दुसऱ्यानें मोतीला घेऊन नदीकांठीं फिरून यावें. दुसऱ्या दिवशीं पाळी उलटावी. तिसऱ्या दिवशीं तिघांनीं मिळून एखादी आंखूड, मोकळ्या सरकारी जमिनीवरील वाट घ्यावी, तीहि मोतीच्या चालीनें. दुपार तंबूच्या सावलींत. चौथा दिवस पूर्ण विश्रांतीचा. सामानांत ट्यूबा, पंप, साखळीची जोडकडी आणि ब्रेकच्या गाद्या यांच्या जोडीला पंजांचे मोजे, मलम, चिमटा, रुंद वाटी आणि लशींचा दाखला. निघण्यापूर्वी कागदावर एक रेघ दोघांनीं मिळून ओढली: तपमान अमुक अंशांवर गेलें अथवा मोती लंगडूं लागला तर त्या दिवशींची सायकल बंद, आणि त्यावर वाद नाहीं. ही रेघ घरीं ओढणें अवश्य असतें. कड्याच्या टोंकाशीं, समोर दरी आणि पुढें सुंदर उतार असतां माणसाची विवेकबुद्धि तितकी स्थिर राहत नाहीं.

व्हाइट रिमचें काय झालें? तो रद्द झाला नाहीं. पुढें ढकलला गेला. मोती ज्या वर्षीं डेन्व्हरच्या ओळखीच्या घरीं आठवडाभर सुखानें राहील त्या वर्षीं दोघांनीं जावें असें ठरलें. पतीला थोडी हळहळ वाटली, आणि ती वाटणें स्वाभाविक आहे. दुसऱ्यासाठीं सोडलेली गोष्ट मनाला मुळींच लागली नाहीं, तर ती सोडण्यांत विशेष तें काय?

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजाची कथा आहे. चारहि भाऊ आणि द्रौपदी वाटेंत पडलीं. अखेरपर्यंत मागें चालत राहिलें तें एक कुत्रें. इंद्राचा रथ दाराशीं आला, तरी आश्रयाला आलेल्या त्या जिवाला टाकून रथांत चढण्यास धर्मराज तयार झाला नाहीं. कथेंतील तें कुत्रें प्रत्यक्ष धर्म होता, हें ऐकणाऱ्याला शेवटीं कळतें. धर्मराजाला नकार देतांना तें माहीत नव्हतें. मोती हें साधें कुत्रेंच आहे, आणि मोआब कांहीं स्वर्ग नव्हे. तरी ज्या जिवानें विश्वासानें आपली वाट आपल्या हातीं सोंपविली, त्याच्या पायांचें माप आधीं घ्यावें आणि मग नकाशा उघडावा, एवढा क्रम डोंगरी सायकलीच्या प्रवाशालाहि पाळतां येण्यासारखा आहे.