मालमोटारीच्या कमानी : घरीं कीं मिस्त्रीकडे ?

भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत आसगाव आहे. मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यांतला, पीक मुख्यत्वें धानाचें. मळणीनंतर पोत्यांची वाहतूक वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा मोडतो. एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकापुढें मग प्रश्न उभा राहतो : मिस्त्रीला पैसे मोजावे, कीं घरच्या घरीं काम उरकावें ?

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. मधला बोल्ट त्यांना एकत्र ओंवतो व आंस जागेवर धरतो. यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट तो जुडगा आंसाशीं आवळून ठेवतात. हे ढिले पडले कीं सारा ताण मधल्या बोल्टावर येतो, तो तुटतो, आंस सरकतो आणि गाडी तिरकी धांवूं लागते.

यावरूनच कामाची वांटणी ठरते. पाट्यांवरील चिखल धुणें, तडा शोधणें, पिनांना ग्रीस देणें, नट आवळलेले आहेत कीं नाहींत हें पाहणें, हीं कामें मालकानें स्वतःच करावीं. पाटा बदलणें मात्र निराळें. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ. आवळलेला जुडगा सुटतांना पाटे उसळतात. चाकांना अडसर, चौकटीखालीं भक्कम घोड्या, लांब दांड्याचा पाना व जाणता सोबती, एवढा सरंजाम नसेल तर बचतीची गोष्टच काढूं नये.

मजुरी वाचली, एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. हत्यारांची किंमत व बुडालेल्या खेपाहि त्यांत धराव्या. उलट, गाडी मिस्त्रीवर सोंपवून निघून जाणेंहि महागांत पडतें. जवळ उभें राहावें, मोडका पाटा परत मागावा, आणि थोडी वाहतूक झाल्यावर नट पुन्हां आवळून घ्यावे.

दोन मोह दोन्ही ठिकाणीं टाळावे. मोडका पाटा वेल्डिंगनें सांधूं नये. त्या उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें. तसेंच जादा ओझ्यासाठीं जादा पाटा घालूं नये. पाटा वाढला म्हणून ब्रेकांचें अगर टायरांचें बळ वाढत नाहीं, आणि कायद्याची वजनमर्यादाहि वाढत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनें जादा वजनास २०,००० रुपये, शिवाय दर जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे.

तात्पर्य, रोजची निगा मालकाची आणि मोठी दुरुस्ती जाणत्या हाताची, हीच वांटणी हितकर. रस्त्यावरून गाडी एकट्या मालकाची जात असली, तरी तिच्या पुढें-मागें दुसऱ्यांचीं मुलेंबाळें चालत असतात.