जाहिरात थांबली, संदेश कुठे पोहोचला?



सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातीस भारतात २००३ च्या कायद्याने मज्जाव केला. २०१९ मध्ये ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवरही बंदी आली. तथापि भिंतीवरून उतरलेली जाहिरात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिरली. तेथे ती तंबाखूचे नाव घेत नाही. वेलचीचे नाव घेते आणि छाप मात्र तीच ठेवते. अशा छुप्या जाहिरातींना केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

परंतु केवळ मनाईने भागत नाही. त्याच पडद्यावर आरोग्याचा संदेशही पोहोचावयास हवा, आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याला आपलासा वाटावयास हवा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे अवघे ४ टक्के होते. अशा प्रदेशात नुसते विझलेल्या सिगारेटचे चित्र धाडले, तर मशेरी लावणारी माता व खर्रा चघळणारा तरुण यांना तो उपदेश परक्यासाठीच आहे असे वाटते.

शिवाय, भय दाखवून थांबणारा संदेश अपुराच. व्यसन सोडण्याची वाटही त्याने दाखवावी. १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनावर छापला जातो. रोज सकाळी फुलांची चित्रे धाडणाऱ्या कुटुंबसमूहांत तो क्रमांक, दोन सोप्या मराठी ओळींसह, अधूनमधून गेला, तरी एखाद्या घरातील डबी कायमची मिटू शकेल.