तीन मात्रांचें नृत्य



केजसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म शाळेंत घालविलेल्या एका निवृत्त शिक्षकानें वॉल्ट्झ ह्या युरोपीय नृत्यावर बोलावें, हें आपल्यापैकीं कांहींना विनोदाचें वाटेल. आमच्या गांवांत ह्या नृत्याला लागतो तसला गुळगुळीत फरशीचा प्रशस्त दिवाणखाना नाहीं, आणि कमरेला हात घालून नाचणारें जोडपें आमच्या बाजारपेठेंत कोणीं पाहिलेलें नाहीं. परंतु ज्या ठेक्यावर हें नृत्य उभें आहे, तो तीन मात्रांचा ठेका आम्हांला परका नाहीं. पाळण्याच्या गाण्यांत तो आहे, भजनी मंडळाच्या पखवाजावर तो आहे, आणि पंचमीच्या झोक्यावर बसलेल्या मुलींच्या गळ्यांत तर तो आहेच. एवढ्या ओळखीच्या आधारावर मी आज बोलणार आहें.

वॉल्ट्झ हें नांव जर्मन भाषेंतील ‘वाल्त्सेन’ ह्या क्रियापदावरून आलें. लोळणें, गरगर फिरणें असा त्याचा अर्थ. दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया ह्या डोंगराळ मुलखांतील शेतकरी ‘लेंडलर’ नांवाचा एक नाच नाचत. जोडे जाड, जमीन ओबडधोबड, आणि नाच उड्यांचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत असले नाच शहरांत आले. तेथें जोडे पातळ झाले, फरशी तुळतुळीत झाली, उडीची जागा घसरत्या पावलानें घेतली, आणि वॉल्ट्झ घडला.

हा नाच फिरतो कां, ह्याचें उत्तर मला तरी अंकगणितांत सांपडतें. कवाईत घेतांना आम्ही शिक्षक ‘डावा-उजवा, डावा-उजवा’ असें ओरडत असतों. त्या ठेक्यांत मात्रा दोन आणि पायही दोन. म्हणून जोराची मात्रा प्रत्येक खेपेस डाव्याच पायावर पडते आणि मुलगा नाकासमोर सरळ चालत जातो. आतां तीन मात्रा मोजा. पहिल्या ‘एक’ला उजवा पाय पडला तर दोनला डावा, तीनला उजवा, आणि पुढच्या ‘एक’ला डावा. म्हणजे जोराची मात्रा आळीपाळीनें दोन्ही पायांवर जाते. शरीर एकदां ह्या अंगाला, एकदां त्या अंगाला झुकतें, आणि ह्या झुकण्यालाच वळण देणें सोपें जातें. एका त्रिकांत जोडपें अर्धी गिरकी घेतें, दुसऱ्या त्रिकांत उरलेली अर्धी. सहा मात्रांत गिरकी पुरी होते आणि पाय पुन्हां पहिल्या स्थितीला येतो.

आतां आपला दादरा घ्या : धा धी ना, धा ती ना. मात्रा सहा, तीन-तीनचे दोन खंड, पहिलीवर सम आणि चौथीवर खाली. वॉल्ट्झच्या संगीतांत खाली म्हणून कांहीं नसतें. तेथील वादकाला प्रत्येक त्रिकाचा ‘एक’ हा ‘एक’च. परंतु नाचणाऱ्याच्या पायाला मात्र ती खाली ठाऊक असते, कारण त्याची गिरकी तेथें अर्ध्यावर आलेली असते. दादऱ्याचें एक आवर्तन आणि वॉल्ट्झची एक गिरकी हीं मापानें एक आहेत. कोणी कोणापासून घेतलें, असें मी म्हणत नाहीं. तिनाची जोडी जमल्यावांचून फेरा पुरा वाटत नाहीं, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या वाटेनें उमगली, इतकेंच.

ज्यांना हें नृत्य डोळ्यांपुढें आणणें कठीण जाईल, त्यांनीं नागपंचमीची फुगडी आठवावी. दोघी मुली हातांची तिढी घालून, पाय जवळ ठेवून, अंग मागें झोंकून फिरतात. दोघींचा भार एकमेकींवर असतो. एकीनें हात सोडला तर दोघीही पडतात. वॉल्ट्झमध्यें हात धरण्याची रीत निराळी, परंतु एकानें दुसऱ्याचा भार तोलून फिरावयाचें हें तत्त्व तेंच. भेद असा कीं फुगडीचें केंद्र जागच्या जागीं राहतें आणि वॉल्ट्झचें केंद्र दिवाणखान्याच्या कडेकडेनें, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें, सरकत जातें. भूगोलाच्या तासाला परिवलन आणि परिभ्रमण मुलांच्या डोक्यांत शिरत नाहीं, तेव्हां मी फुगडी घालीत अंगणाला प्रदक्षिणा करणाऱ्या दोन मुलींचें चित्र फळ्यावर काढीत असें.

नृत्याबरोबर त्याचें संगीतही वाढलें. व्हिएन्ना शहरांत योझेफ लानर (1801–1843) आणि योहान स्ट्राउस (1804–1849) ह्या दोघांनीं आपापले वाद्यवृंद उभारून वॉल्ट्झला त्याचें रूप दिलें : आरंभीं एक संथ प्रस्तावना, मग एकापाठोपाठ एक असे बहुधा पांच निरनिराळे वॉल्ट्झ, आणि शेवटीं मागील स्वरावलींची आठवण करून देणारा समारोप. ह्या स्ट्राउसचा मुलगा, त्याचेंही नांव योहानच (1825–1899), बापाच्या पुढें गेला. त्याचा ‘निळी डॅन्यूब’ हा वॉल्ट्झ 15 फेब्रुवारी 1867 रोजीं व्हिएन्नांत प्रथम पुरुषांच्या गायकवृंदानें गाइला; त्याची खरी कीर्ति त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत झाली. डॅन्यूब निळी आहे काय, हा प्रश्न विचारूं नये. आमच्या मांजरेचें पाणीही निळें म्हणावें असें वर्षांतून थोडेच दिवस असतें, म्हणून तिच्यावर कोणी गाणें रचूं नये असें थोडेंच आहे! ब्राह्म्ससारख्या गंभीर संगीतकारानें स्ट्राउसच्या घरच्या एका स्त्रीच्या पंख्यावर ह्या वॉल्ट्झचे आरंभीचे स्वर लिहून, ही रचना दुर्दैवानें आपली नव्हे, असा शेरा त्याखालीं दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

व्हिएन्नाचे वादक ह्या त्रिकांतील दुसरी मात्रा किंचित् आधीं घेतात. कागदावर तें लिहिलेलें नसतें. आपल्याकडचा चांगला तबलजी ठेका वाजवितांना मात्रेला जसा झोल देतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे, आणि ती पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. व्हिएन्नाचा वॉल्ट्झ द्रुत, मिनिटाला सुमारें साठ त्रिकांचा. इंग्लंडांत पुढें रूढ झालेला मंद वॉल्ट्झ त्याच्या निम्म्या गतीचा. शोपॅंसारख्यानें (1810–1849) तर केवळ ऐकण्यासाठीं वॉल्ट्झ लिहिले. त्यांवर नाचूं म्हणणाऱ्याचे पाय अडखळतील.

हा मान वॉल्ट्झला सुखासुखी मिळाला नाहीं. त्याच्या पूर्वीं युरोपच्या दरबारांत मिन्युएट नांवाचें नृत्य चाले. त्यांत जोडपीं पदाच्या मानानें एकामागून एक उठत, बोटांचीं टोकें लागत तेवढाच स्पर्श होई, आणि सारी सभा डोळ्यांत तेल घालून पाहत बसे. वॉल्ट्झनें ही व्यवस्था मोडली. कोणतेंही जोडपें केव्हांही रिंगणांत शिरूं लागलें. तोंड एकमेकांकडे आणि पाठ सभेकडे. नेपोलियनच्या पाडावाच्या सुमारास, 1814–15 सालीं, व्हिएन्नांत राजेरजवाडे वाटाघाटींसाठीं जमले, तेव्हां तेथें वॉल्ट्झला उधाण आलें. पण 1816 च्या जुलैंत तो इंग्लंडच्या राजघराण्याच्या समारंभांत नाचला गेला, तेव्हां लंडनच्या ‘टाइम्स’नें त्याला असभ्य ठरवून आईबापांना सावध केलें. कवि बायरन, ज्याच्या स्वतःच्या वर्तनाविषयीं लंडनांत कमी बोललें जात नव्हतें, त्यानेंही 1813 सालीं टोपणनांवानें ह्या नृत्याची थट्टा करणारें काव्य छापलें. बायरनचा एक पाय जन्मतः अधू होता. तेव्हां ह्या नीतिमत्तेंत थोडा हेवाही मिसळला असावा, असें मला वाटतें.

स्पर्श हें ह्या सर्व रागाचें निमित्त होतें. खरें शल्य निराळें. दोन तरुण माणसें चारचौघांच्या देखत एकमेकांना निवडतात आणि वडीलधाऱ्यांना तेथें कांहीं काम उरत नाहीं, हें सहन होत नव्हतें. असें मी म्हणतों तें ऐकीव माहितीवर नव्हे. पूर्वीं मी एका शाळेंत असतांना स्नेहसंमेलनासाठीं सातवीच्या मुलामुलींचें एक शेतकरी-नृत्य बसविलें होतें. त्यांत हात धरून फेर धरावयाचा होता. तालीम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशीं कांहीं पालक आले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, पोरी काढा, नाहीं तर नाच काढा.’’ मीं समजूत घातली, ती फुकट गेली. शेवटीं सातवींतल्याच एका मुलीनें तोड काढली : हात धरावयाचा नाहीं, प्रत्येकानें एक रुमाल घ्यावा आणि शेजाऱ्यानें त्याचें दुसरें टोंक धरावें. नाच झाला, आणि पालक पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजवीत होते. त्या मुलीनें शहाणपण दाखविलें कीं हार मानली, ह्याचा निर्णय मीं अजून केलेला नाहीं. फेर मात्र मोडला नाहीं.

गोमंतकांतील ‘मांडो’ पाहतांना मला तो रुमाल आठवतो. गोव्यांत 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. एकोणिसाव्या शतकांत सासष्टी तालुक्यांतील लोटली, कुडतरी, चांदर ह्या गांवांच्या ख्रिस्ती जमीनदारांच्या वाड्यांत युरोपीय नृत्यांचे समारंभ होत. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यांतील झुंबरांनीं सजलेली नृत्यशाला अजूनही पाहावयास मिळते. असल्या वाड्यांच्या सावलींत कोंकणी भाषेंत मांडो जन्मला. ठेका तीन मात्रांच्याच कुळींतला, पण अतिशय विलंबित, जणूं पाय उचलावयास मन घेत नाहीं असा. स्त्रिया एका रांगेंत, पुरुष समोरच्या रांगेंत. स्त्रियांच्या अंगावर भरजरी वस्त्र आणि हातांत पंखा. रांगा एकमेकींकडे सरकतात, वळतात, मागें हटतात. कोणी कोणाला कवेंत घेत नाहीं. जें वॉल्ट्झमध्यें हात बोलतो, तें येथें पंखा आणि डोळे बोलतात.

आणि गाण्याचा विषय बहुधा प्रेमाचा व ताटातुटीचा. ज्या समाजांत विवाह वडील मंडळी ठरवीत, त्या समाजांतील तरुणतरुणी दिवाणखान्यांत सर्वांच्या समक्ष, दोन आवाजांच्या मेळांत, मन मोकळें करीत. वडील मंडळीही तेंच गात बसत. लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो (1876–1948) यांचा निरोपाचा मांडो तर आज गोंयकारांच्या निरोपसमारंभांत हटकून गाइला जातो. मांडो संपला म्हणजे ‘दुलपद’ येतें : लय चढते, आणि गांवांतल्या बित्तंबातम्या, टिंगल, खोड्या बाहेर पडतात. कीर्तनांत पूर्वरंगानंतर बुवा गोष्टीला हात घालतात आणि पेंगणारे श्रोते सावरून बसतात, तसाच हा पालट आहे.

एका गोष्टीचें शिक्षक म्हणून मला विशेष कौतुक वाटतें. गोव्यांत चर्चच्या पाठशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत असत. हेतु प्रार्थनासंगीताचा, परंतु त्या विद्येवर गोमंतकीय वादकांच्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईंत पोट भरून राहिल्या. हॉटेलांतील बॅंड त्यांचे, पुढें चित्रपटांचे वाद्यवृंदही पुष्कळ अंशीं त्यांचेच. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत वॉल्ट्झची लय ठायीं ठायीं ऐकूं येते, आणि त्यांच्या गाण्यांची वाद्यरचना लिहिणारे सेबास्टियन डिसोझा हे गोमंतकीयच होते. म्हणजे आमच्या केजच्या चहाच्या दुकानांत रेडिओवर जुनें गाणें लागतें, आणि गिऱ्हाईक बशीवर बोटानें एक-दोन-तीन वाजवितें, तेव्हां तें व्हिएन्नाचेंच देणें फेडीत असतें. त्याला तें ठाऊक नसतें, आणि असण्याची गरजही नाहीं.

आजच्या गोव्यांत ख्रिस्ती विवाहाच्या मेजवानींत नवरानवरीच्या पहिल्या नाचाला वॉल्ट्झची चाल पुष्कळदां असते. मांडो मात्र वाड्यांतून उठून बराचसा रंगमंचावर आला आहे. त्याचे महोत्सव भरतात, स्पर्धा होतात, मुलें पद्धतशीर तालमी करून बक्षिसें मिळवितात. मला हें बरेंही वाटतें आणि थोडें उदासही वाटतें. कारण जें एका घरानें स्वतःसाठीं गाइलें, तें परीक्षकांपुढें गातांना कांहीं तरी निसटणारच. फुगडीचेंही आपण हेंच केलें आहे.

मांडोच्या साथीला व्हायोलिन असतें आणि घुमट असतो. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलें मातीचें मडकें, एका तोंडावर कातडें ताणलेलें. पूर्वीं हें कातडें घोरपडीचें असे. 1972 च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें घोरपडीला अभय मिळालें, तेव्हां आतां बकऱ्याचें कातडें लावतात. 2019 सालीं गोवा सरकारनें ह्या वाद्याला राज्याचें वारसा-वाद्य म्हणून मान दिला. ख्रिस्ती वाड्यांत ज्या घुमटावर मांडोचा ठेका धरतात, तोच घुमट गणेशचतुर्थीला हिंदूंच्या घरीं आरतीला वाजतो, आणि दोन्ही घरांसाठीं तो घडविणारा कुंभार पुष्कळदां एकच असतो.